विहिणींची कर्दळ

“पोट्टी पसंत हाये. पर दारातलं हे फूल काई पसंत नाई.”

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. हे वाक्य माझं नाही. माझ्या सासूबाईंचं आहे. ज्यांच्यासाठी आज आपण सौंसरच्या या अंगणात बसलो आहोत, त्या वत्सलाबाईंचं. वीसएक वर्षांपूर्वी त्या मला पाहायला पांढुर्ण्याला आल्या होत्या. पोहे झाले, चहा झाला. निघताना आमच्या दारापुढच्या नालीवर उभी असलेली कर्दळ त्यांनी पाहिली आणि हे बोलल्या. मोठ्यानं. माझ्या मायच्या तोंडावर.

माय काय कमी आहे? ती म्हणाली, “फूल संगं नाई येऊन राह्यलं, बाई. पोट्टीच येऊन राह्यली.”

सोयरीक तिथंच जमली, असं माझे सासरे, मामाजी, आजही सांगतात.

मंडळी, मला बोलायचं नव्हतं. तेरवीपर्यंत मी कामात होते. कामात रडू येत नाही. बोलायला उभं राहिलं की येतं. पण सकाळी मामाजी म्हणाले, “सूनबाई, तूच बोल. तिचं बोलणं तुलेच पाठ हाये.” ते खरं आहे. म्हणून आज मी त्यांचंच बोलणं बोलणार आहे. माझं कमी.

मी त्यांना आत्याबाई म्हणत होते. आणि समोर पहिल्या रांगेत निळ्या काठाची साडी नेसून, स्वतःची पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसली आहे, ती माझी माय. आजची गोष्ट या दोघींची आहे. या दोघींच्या मधे मी होते. मधे म्हणजे खरोखरच मधे. पांढुर्णा-सौंसरच्या बसमधे.

फोटोला झेंडूचा हार आहे, तो बाजारातला. फोटोखाली पेल्यात जे फूल ठेवलंय, ते घरचं. सकाळी ताठ होतं, आता त्यानं मान टाकली. कर्दळीचं असंच असतं. दुपार झाली की पाकळी मऊ पडते, तिचा हार होत नाही. एकदा शेजारच्या काकूंनी आत्याबाईंना विचारलं होतं, “वत्सलाबाई, हाराले चालत नाई, वेणीले चालत नाई, मंग एवढी कर्दळ लावता कायले?” आत्याबाई म्हणाल्या, “म्हणूनच तर लावतो. कोणाच्या गळ्यात पडत नाई ते.”

काकू, तुम्ही हसताय. हसा. त्यांना चाललं असतं.

मायची कर्दळ जुनी, देशी. तिगावच्या तिच्या माहेराहून लग्नात तिच्याबरोबर आलेली. पाकळी बोटाएवढी अरुंद, लालभडक. दांडा मात्र सरळ. वादळ येवो, ढोर घासून जावो, ती उभीच. आत्याबाईंची कर्दळ नवी, नागपूरच्या नर्सरीतून आणलेली. पिवळी, तिच्यावर तांबडे ठिपके, रुमालाएवढी पाकळी. पण एक जोराची सर आली की सगळी जमिनीवर. न्हाणीमागं, अंघोळीचं पाणी जिथं जातं तिथं त्यांनी तिचा वाफाच केला होता. रोज सकाळी त्या पडलेल्या दांड्यांना काड्यांचे टेकू देत बसायच्या आणि पुटपुटायच्या, “तोंड हाये, पर कंबर नाई.”

एक दिवस त्या टेकू देता देता थांबल्या. मला म्हणाल्या, “सूनबाई, तुह्या मायच्या फुलाची कंबर अन् माह्या फुलाचं तोंड, असं एक झाड झालं तं?”

नर्सरीवाल्यानं त्यांना सांगितलं होतं की नव्या जाती अशाच होतात. एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलाला लावायचे, मग धरेल त्या बोंडातलं बी पेरायचं. पण आत्याबाईंच्या कर्दळीला बोंडच धरत नव्हतं. मोठ्या फुलांच्या बऱ्याच कर्दळींना बी होत नाही. म्हणजे कूस हवी होती मायच्या देशी कर्दळीची. आत्याबाईंनी फोन लावला. दोघींचं बोलणं मी इकडून ऐकत होते.

“इहीनबाई, तुमची ते नालीवरची कर्दळ हाये ना अजून?”

“हाये. तुमाले तं पसंत नव्हती.”

“पसंत आताही नाई. पर काम पडलं.”

आता इथं मला एक गोष्ट सांगायला हवी. सौंसरच्या लोकांना ती ठाऊक आहे, पण काही पाहुणे लांबून आलेत. माझी माय लेकीच्या घरचं काही घेत नाही. तिच्या आईनं घेतलं नाही, म्हणून तीही घेत नाही. आपल्याकडं अजून पुष्कळ घरांत हे पाळतात. लेकीला द्यायचं. लेकीकडून न्यायचं नाही. उताराचं पाणी जसं एकाच अंगाला वाहतं, तशा वस्तू माहेराहून सासरी जातात. परत येत नाहीत. माय इथं आली की पाणीसुद्धा तिच्या बाटलीतलं. आमच्या घरची संत्र्याची बाग, पण तिनं आमचं एक संत्रं कधी सोललं नाही. आत्याबाई चिडून म्हणायच्या, “आमचा संत्रा गाडीत बसून पांढुर्ण्याच्या बाजारात जाते, अन् इहीनबाई तिथं जाऊन तोच विकत घेतात. इथं हातात देऊन राह्यलो तं बाटली दाखवतात.”

मग पराग कसे न्यायचे? तेही लेकीच्या घरचेच ना? दोघींनी यावर फोनवर बराच खल केला. शेवटी मायनंच निकाल दिला. “ते तं धूळ हाये. धूळ का कोणाच्या घरची असते? वाऱ्यानं येतेच.”

तो वारा म्हणजे मी.

दर महिन्या-पंधरा दिवसांनी मी माहेरी निघाले की आत्याबाई माझ्या हातात पितळेचा छोटा डबा द्यायच्या. आत ओला फडका, फडक्यात उद्या उमलतील अशा पिवळ्या कळ्या. सकाळच्या बसमधे मी तो मांडीवर धरून बसायची. एकदा कंडक्टरनं विचारलं, “ताई, डब्यात काय हाये? एवढं जपून राह्यल्या.” माझ्या तोंडून निघून गेलं, “नवरदेव.” त्यानं तिकीट फाडलं आणि म्हणाला, “मंग त्याले अर्धं तिकीट लागते.”

मंडळी, दोन वर्षं आम्ही हे केलं. माय उमललेल्या लाल फुलांना पिवळे पराग लावायची आणि त्या देठाला काळा दोरा बांधायची, नजर लागू नये म्हणून. आत्याबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी हळदीत भिजवलेला दोरा पाठवला. लग्नकार्य आहे, काळं कशाला? मायनं काळ्याच्या बाजूला पिवळाही बांधला. बोंडं धरली, हिरवी, बारीक काटेरी. सुकून फुटली, आत छर्‍यासारखं काळं बी. माय सगळं बी पुडीत बांधून माझ्याबरोबर इकडं द्यायची. एकसुद्धा दाणा ठेवायची नाही. मी म्हणायची, “माय, थोडं तूही पेर ना.” ती म्हणायची, “लेकीसंगं दिलं ते दिलं.”

ते बी फार टणक असतं. तसंच पेरलं तर महिनोन् महिने मातीत पडून राहतं. आत्याबाई न्हाणीच्या दगडावर एकेक दाणा घासायच्या, आतला पांढरा ठिपका दिसेपर्यंत. मग कोमट पाण्यात भिजवून पेरायच्या. झाडं आली. मोठी झाली. फुलली.

आणि सगळी लाल. अरुंद पाकळीची. हुबेहूब मायची कर्दळ.

आत्याबाईंनी फोन केला. “इहीनबाई, तुमच्या नालीतच काही खोट हाये.”

“खोट कायची? रक्त जोरदार हाये आमच्याकडचं.”

दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. आता मायचा आवाज असा चढला होता की फोन कानापासून लांब धरावा लागायचा. तिची कर्दळ आत्याबाईंच्या दारात, आत्याबाईंच्या पाण्यावर डोलत होती. आत्याबाई ती उपटत होत्या आणि शिव्या देत होत्या. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे बघत होते. खरं सांगू? मला तेव्हा भीती वाटायची. माझ्या माहेरची झाडं अशी एकेक करून उपटली जाताना बघायची, म्हणजे नव्या सुनेला काय काय वाटत असेल, ते इथल्या बायकांना मी सांगायला नको.

मग एका संध्याकाळी मायचाच फोन आला. उद्या-परवा उमलणारी एक कळी तिनं सहज नखानं सोलली होती. आत पाहते तर मधल्या चपट्या पट्टीवर तिची स्वतःची धूळ आधीच लागलेली. कर्दळीचं असंच असतं. फूल उमलायच्या आधीच, कळीतच, तिचं आपलं आपण उरकलेलं असतं.

“इहीनबाई,” माय ओरडली, “लग्न लागून गेल्यावर आपण नवरदेव घेऊन जाऊन राह्यलो होतो!”

आत्याबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मामाजी पाणी घेऊन धावले. मामाजी, आठवतं ना? मला वाटतं, या दोघी एकमेकींच्या झाल्या त्या त्याच दिवशी. दोन वर्षांची फजिती दोघींनी मिळून केली होती. एकीलाही दुसरीला हसायला जागा नव्हती.

पुढच्या खेपेपासून माय कळी आधीच उघडायची, तिची धूळ ओल्या कापसानं पुसायची, आणि मग डब्यातला नवरदेव. बोंडं कमी धरली. बी थोडं आलं. पण या वेळी रोपांची पानंच वेगळी दिसायला लागली.

त्यातलं एक झाड आधी फुललं. मरतुकडं, लहानसं फूल. मी म्हणाले, “आत्याबाई, हे काढायचं ना?” त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाल्या, “पहिल्या फुलावर निकाल नाई लावायचा. नवीन जागा, नवीन पाणी. पहिलं फूल भेदरलेलं असते. दुसरा दांडा येऊ दे, मंग पाहू.”

मी पाटीतली पानं उचलून कोपऱ्यात नेऊन टाकली आणि तिथंच जरा उभी राहिले. माझंही या घरातलं पहिलं वर्ष असंच गेलं होतं. माझी भाजी खारट व्हायची. मी पाहुण्यांसमोर यायची नाही. त्या मला कधी काही बोलल्या नव्हत्या. का बोलल्या नाहीत, ते मला त्या कोपऱ्यात उभं राहून कळलं.

दुसरा दांडा आला. मंडळी, तेच हे फूल. पेल्यातलं आता झुकलंय, पण न्हाणीमागं जाऊन बघा, चार दांडे उभे आहेत. संत्र्याची फोड उन्हात धरल्यावर जसा रंग दिसतो, तसा रंग. कडेला बारीक पिवळी किनार. पाकळी रुंद, आणि दांडा सरळ, टेकू लागत नाही.

आत्याबाईंनी फोनवर एकच शब्द सांगितला. “या.”

माय पहिल्या बसनं आली. बाटली घेऊन. दोघी वाफ्याच्या कडेला उभ्या राहिल्या. मायनं दांडा बोटानं हलवून पाहिला. मग आत्याबाई म्हणाल्या, “तुमच्यावर गेलं. मान खाली घालत नाई.”

माय म्हणाली, “अन् तोंड तुमच्यावर गेलं. केवढं मोठं हाये.”

त्याच पावसाळ्यात आत्याबाईंनी कुदळ घेतली, मुळाचा एक चांगला गड्डा कापला, कर्दळीच्याच पानात गुंडाळला आणि मायपुढं धरला. “घ्या. अर्धं तुमचं हाये.”

माय म्हणाली, “नाई, इहीनबाई.”

एवढंच. पुढची सगळी वर्षं दर पावसाळ्यात हा गड्डा निघायचा आणि दर पावसाळ्यात परत मातीत जायचा. आत्याबाईंनी काय नाही केलं! एकदा माझ्या पिशवीत तळाशी लपवला. मायनं तो त्याच कंडक्टरच्या हाती परतीच्या बसनं पाठवून दिला. एकदा म्हणाल्या, “बरं, विकत न्या, मंग तं झालं?” माय म्हणाली, “लेकीच्या दारात गिऱ्हाईक म्हणून उभी राहू काय मी?” एकदा तर भांडणच झालं. आत्याबाई म्हणाल्या, “धूळ चालते, मंग गड्डा काऊन नाई चालत?” माय म्हणाली, “गड्ड्याले वजन असते.”

आणि आत्याबाईंचा हट्टही तिच्याच तोडीचा. हे झाड त्यांनी कोणालाच दिलं नाही. इथं बसलेल्या कितीतरी जणींनी मागितलं असेल. हो ना, काकू? सगळ्यांना एकच उत्तर. “पहिला गड्डा इहीनबाईचा. त्यायनं नेला की मंग लाइन लावा.” म्हणून आज हे फूल न्हाणीमागच्या त्या एका वाफ्यात आहे. दुसरीकडं कुठंच नाही. गेल्या उन्हाळ्यात पाणी तुंबून त्यातलंही अर्धं सडलं.

मागच्या वर्षी पांढुर्ण्याला आमच्या गल्लीतली नाली पक्की झाली. सिमेंटची, वरून झाकलेली. चांगलंच झालं, डास कमी झाले. पण नालीवरची कर्दळ गेली. तिगावाहून आलेली, मायच्या लग्नापासूनची, सगळी. मायनं आत्याबाईंना फोनवर एवढंच सांगितलं, “नाली पक्की झाली.” फुलाचं नावही काढलं नाही. आत्याबाईंनी फोन ठेवला. बादली उचलली आणि न्हाणीमागं गेल्या. त्या दिवशी वाफ्याला दुपारीसुद्धा पाणी मिळालं.

आता मायच्या त्या कर्दळीचं जे काही उरलंय, ते या एका झाडात आहे.

आत्याबाईंचं शेवटचं दुखणं फार लांबलं नाही. त्यांना त्रासही फार झाला नाही, हे मी सगळ्यांना पुन्हा सांगते, कारण आल्यापासून प्रत्येक जण विचारतोय. त्या समाधानी होत्या. नातवंडं जवळ होती. खाट त्यांनी न्हाणीकडच्या खिडकीशी लावून घेतली होती. माय भेटायला आली तेव्हा वाफ्यापाशी थोडं थांबली. खाली पडलेली एक पाकळी तिनं उचलली आणि पदराच्या गाठीत बांधली. माय, तुला वाटलं कोणी पाहिलं नाही. आत्याबाईंनी खिडकीतून पाहिलं. तू आत आल्यावर त्यांनी विचारलंही, “गाठीत काय हाये?” आणि तू म्हणालीस, “पडलेलं कोणाचं नसते.”

तू गेल्यावर त्या पडल्या पडल्या कितीतरी वेळ हसत होत्या. मग मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, “सूनबाई, मी गेल्यावर तुह्या मायले एकदा इचारजो. गड्डा नेता काय म्हणून.”

मी म्हणाले, “आत्याबाई, ती नाही म्हणेल.”

“म्हणणारच. मी हयात असताना ते नाई म्हणते तं मले राग येते. मेल्यावर मले राग नाई येणार. पर इचारजो.”

मी म्हणाले, “फाटकापाशी खाली टाकून ठेवू? पडलेलं कोणाचं नसतं, असं तीच म्हणते.”

तेव्हा त्या एकदम गंभीर झाल्या. “नाई. चोरून नाई. चार लोकांत इचार अन् हातात दे. मी तिची पोट्टी चार लोकांतच आणली होती.”

मंडळी, मी खूप विचार केला. माझी माय चूक आहे, असं मला म्हणता येत नाही. लेकीचं घर लेकीचंच राहावं, माहेरच्यांचा हात तिच्या डब्यात जाऊ नये, म्हणून कोणीतरी शहाण्या बाईनं हे कधीतरी सुरू केलं असेल. त्यात माया आहे. मी वीस वर्षं त्या मायेवर जगले. पण वीस वर्षं मला हेही वाटत आलंय की इकडून तिकडं एक तरी वस्तू जावी. मी इथं सुखात आहे, हे मायनं बाटलीतलं पाणी पिता पिता नुसतं ऐकू नये. तिच्या दारात ते उगवावं, फुलावं. तिला रोज दिसावं.

सकाळी मामाजींनी स्वतः कुदळ घेतली. गड्डा काढला. माझ्या खुर्चीखाली कर्दळीच्या पानात गुंडाळून ठेवलाय. तीन डोळे आहेत त्याला, ओला आहे. नव्या नालीवर जागा नसेल, पण पांढुर्ण्याच्या आपल्या न्हाणीचं पाणी अजून मागच्या परसात जातं, माय. मी पाहून आले आहे.

आता मला आणखी बोलायचं नाही. माझ्या मायचं उत्तर आलं की आपण सगळे उभे राहू आणि आत्याबाईंसाठी घटकाभर शांत राहू. पण आधी उत्तर. त्यांना तसंच हवं होतं.

माय, उठू नको, बसूनच ऐक. हे बघ, मी दोन्ही हातांत धरला आहे. अर्धा तुझा आहे. चार लोकांत विचारते. नेतेस?

तू नाहीच म्हणशील, मला माहीत आहे. बाटली घट्ट धरलीस, तेही दिसतंय. मग म्हण. पण माय, एवढं कर. हळू म्हणू नकोस. नेहमी म्हणायचीस तसं, “नाई, इहीनबाई,” असं म्हण. न्हाणीमागं ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.